पहिल्या नंबराचं दळण

किसनराव एसटीत कंडक्टर होते तेव्हा त्यांनी आमदाराच्या माणसालाही रांग मोडू दिली नव्हती. रांग ती रांग. माणूस सुतासारखा सरळ, पण सरळपणाही कधी माणसाच्या पोटावर उठतो.

बारा वर्षांपूर्वी अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांचा गहू बंद केला. चिमूटभर कणीक गेली तरी आतडं बिघडेल, म्हणाले. तेव्हापासून दर्यापूरच्या घरात फक्त ज्वारी. बायको भागीरथा म्हणायची, बरं झालं, माझं लाटणं सुटलं. ती मार्चमध्ये गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले आणि किसनरावांना काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही. चहात साखर आहे की नाही, तेही कळेना. जर्मनीतला मुलगा सुगत म्हणाला, बाबा, तीन महिने आमच्याकडे चला. ते बरं म्हणाले. कोणी चंद्रावर चला म्हटलं असतं तरी बरंच म्हणाले असते.

निघायच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, ते ज्वारी घेऊन चक्कीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच, कारण दळण हे भागीरथेचं खातं; ती गेल्यापासून ते भातावरच भागवत होते. चक्कीवाला चंद्रभान म्हणाला, भाऊ, उद्या सकाळी या. का, हे किसनरावांनी विचारलं नाही. डबा गव्हाच्या डब्यांमागे लावला, नंबर आल्यावर दळून घेतलं आणि घरी आले. बॅग भरताना पत्र्याचा एक लहान डबाही त्यांनी आत टाकला. त्यात भागीरथेनं दळून आणलेलं शेवटचं पीठ होतं. ते कशाला नेतो आहोत, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

सून रश्मी अकोल्याची. जिभेला धार, पण कामाला नेटकी. सासऱ्यासाठी तिने नवा तवा आणला, नवी परात आणली, घरातला गहू वरच्या फळीवर बंद केला. दुकानात प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची. भाकरी तर अशी मऊ करायची की नाव ठेवायला जागा नाही. तरी चौथ्या दिवशी किसनरावांचं पोट फुगलं, मग संडासाच्या खेपा सुरू झाल्या. रश्मीने बाहेरचं सगळं तोडलं, नुसती भाकरी आणि वरण ठेवलं. दुखणं वाढलंच.

दहाव्या दिवशी किसनराव सुगतला म्हणाले, "तुया घरचं मले पचत नाई. तिकीट काढ."

रश्मी दारातच उभी होती.  धुतलेली परात तिने पुन्हा घासायला घेतली. किसनरावांना ते दिसलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सगळं पाय मुंगावल्यासारखं बधिर होतं.

तिकीट पुढच्या आठवड्याचं मिळालं. तोवर भाताची पेज चालली आणि पोट जरा थांबलं. पाचव्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली. रश्मीने हाताला आला तो डबा उघडला. पीठ थापताना कडेनं फाटत गेलं, ताटात तुकडेच आले. आज बिघडल्या, म्हणत ती खाली बघत राहिली. किसनरावांनी तुकडा हातात घेतला आणि ओळखलं. विरी गेलेलं, चिकटपणा सुटलेलं, चार महिन्यांचं पीठ. भागीरथेचा डबा. राग यावा, तर तोही आला नाही. ते मुकाट्याने जेवले.

पोट दुखलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे खोट नव्या पिठातच होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी चंद्रभानला फोन लावला.

"मी म्हनलं होतं भाऊ, सकाई या," चंद्रभान म्हणाला. "वयनी गव्हाचे डबे लागायच्या आधी येत. पयले शेरभर ज्वारी टाकून चक्कीतली कनीक साफ करून घेत, ते पीठ माया गाईले देत, मंग तुमचं दळू देत. बारा वर्सं एक खाडा नाई. मले वाटलं, तुमाले मालूम असंन."

किसनराव फोन धरून बसून राहिले. दर सोमवारी ती उजाडता उजाडता बाहेर पडायची. बाई फिरायला जाते, असं ते धरून चालले होते. कुठे जातेस, हे एकदाही विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं तिलाही कधी वाटलं नसावं. या विचारापाशी ते आले आणि मार्चपासून अडलेलं रडू एकदम फुटलं. भलतं मोठ्यानं रडले. रश्मी धावत आली.

"दोष तुया हाताचा नाई," ते म्हणाले. "पीठ मीच नासवून आनलं. सुगतले सांगजो, तिकीट राहू दे."

रश्मीने डबे उघडून पाहिले. मग म्हणाली, लहान डब्यात दोन भाकरींपुरतं पीठ उरलं आहे, आठवण म्हणून ठेवू का?

"नाई. कर. एक मले, एक तुले."

त्याही भाकरी फाटल्याच. दोघं टेबलाशी समोरासमोर बसून तुकडे वेचून खात होते. किसनरावांचे डोळे वाहत होते आणि पोट अजिबात दुखत नव्हतं.