ब्रेकला वंगण

आमच्या ह्यांना गाडीतलं सगळं कळतं, असं धुळ्यात एकाच माणसाचं मत होतं. तो माणूस म्हणजे हे स्वतःच. जुनी मोटार घेतली आणि मागच्या ब्रेकचे लायनर झिजलेले निघाले. मिस्त्री म्हणाला, सकाळी सोडा, संध्याकाळी न्या. हे म्हणाले, "त्यात काय आहे? घरीच बदलू."

दोन रविवार गेले. चाकं उतरली, ड्रम निघेना, मग हातोडी आली. एक स्प्रिंग सुटली ती थेट मी अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांत. शेजारपाजारचे बघून जायचे आणि प्रत्येकाला हे पाना हातात धरून व्याख्यान द्यायचे. मी चहा करत राहिले. लायनर एकदाचे बसले, पण ब्रेक दाबला की चाकं किरकिरायची. "गल्ली वळून बघते, एवढा आवाज तरी बंद करा," असं मीच म्हटलं. तेवढा दोष माझा.

आवाज बंद झाला. कसा, ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी आखाजीच्या सणाला आम्ही साक्रीला, माझ्या माहेरी निघालो. दोन वर्षांची लेक मागच्या सीटवर माझ्या मांडीवर झोपली होती.

साक्री चार-पाच किलोमीटर राहिलं असेल. एका चढावर इंजिन तापलं. ह्यांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि डबा घेऊन विहिरीकडे गेले. गाडी मागे सरकायला लागली. आधी हळू, मग तितकी हळू नाही. उताराच्या तळाशी ओढ्यावरची मोरी होती, तिला कठडा नव्हता. मागच्या सीटवरून माझा पाय ब्रेकपर्यंत पोचेना. लेकीला घट्ट धरलं.

मागून येणाऱ्या बैलगाडीतून एका म्हाताऱ्यानं उडी टाकली आणि मोटारीच्या चाकामागे धोंडा सारला. गाडी थांबली.

हे धावत आले. चेहरा पांढरा पडला होता, बोलणं मात्र चालूच. "असं होणारच नाही. कालच मागचे ड्रम उघडून लायनरला वंगण लावलंय, म्हणून तर आवाज गेला." हँडब्रेक त्याच मागच्या चाकांना धरतो, हे मला तिथे कळलं. सासरी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या. कुरकुरणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्या घराला एकच औषध ठाऊक.

म्हातारा हात झटकत म्हणाला, "भाऊ, वंगण चाक फिराले लावतस. थांबाडाले नही."

  मी लेकीला उचललं आणि सरळ बैलगाडीकडे चालू लागले.

"बस माय, कडबा शे," म्हातारा गाडीतला कडबा बसायला सारखा करत म्हणाला.

इंजिनात पाणी ओतून हे मागून पहिल्या गिअरमध्ये, बैलांच्या चालीनं. माहेरी सगळं घर जावयाची मोटार बघायला दारात उभं होतं. आधी बैलगाडी आली. आईनं लेकीला घ्यायला हात पुढे केले, पण माझी बोटं तिच्यावरून सुटेनात.