खिंडीपलीकडची वाट

नासेर शेखला आखाडा बाळापुरात लोक अजून 'जीपवाला नासेर' म्हणूनच ओळखतात. जीप विकून जमाना झाला, पण नाव काही सुटलं नाही. ऐन उमेदीत त्यानं बाळापूर-कळमनुरी वडाप केली. आत मावतील तेवढे आत, उरलेले मागं लटकून, एखाददुसरा बॉनेटवर, आणि नासेर स्वतः अर्धा दाराबाहेर. पुढं घरोघर फटफट्या आल्या आणि वडाप बसली. मग त्यानं रस्त्याकडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं. जुन्या जीपला हात लावणारं दुसरं कोणी भागात उरलं नव्हतं, म्हणून लांबलांबच्या गाड्या त्याच्याकडं येत. बायको जाहेदा म्हणायची, "गाडी बेच दिये, पर गाडी इनके दिल में से उतरी नै."

अशीच एक जुनी, चारही चाकं ओढणारी जीप घेऊन हिंगोलीच्या डॉक्टर अनुश्री गॅरेजात आल्या. दातांच्या डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या जबड्यात वाकून पाठ मोडून घ्यायची आणि रविवारी दगडधोंड्यांतून जीप घालायची, हा त्यांचा शौक. नांदेड-परभणीकडची आणखी काही मंडळी त्यांच्यासारखीच होती. पण गाड्या घालायच्या कुठं? जंगलात शिरलं की गार्ड अडवायचा, गायरानात शिरलं की गाव भांडायला उठायचं.

"चाचा, कुणी स्वतःच्या मालकीची जमीन वापरू दिली, तर वाट आम्ही आमच्या हातांनी करू," त्या म्हणाल्या. "कुणाचं पीक तुडवायचं नाही, कुणाची शिवी खायची नाही."

नासेरला एकच जागा आठवली. गोपाळरावांचं बरड.

गोपाळराव देवस्थानात कारकून होते, आता निवृत्त. कामावर जाताना रोज नासेरच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचे, आणि त्या सीटवरच दोघांची दोस्ती जमली होती. ईदला शीरखुर्म्याचा डबा गोपाळरावांकडं जायचा, दिवाळीचा फराळ नासेरकडं यायचा. गोपाळरावांच्या वाट्याला वडिलांकडून एक टेकाड आलं होतं. वर कुसळं, हिवर, बोरी आणि खाली मुरूमच मुरूम. नासेरनं विचारलं तेव्हा ते हसले. "घ्या की. तिथं पीक तर येत नाही. निदान माणसं येतील."

त्या हिवाळ्यात दर रविवारी टेकाडावर माणसं दिसू लागली. कोणी बँकेतलं, कोणी औषधाच्या दुकानातलं. हातांना फोड यायचे, पाठी धरायच्या, तरी पुढच्या रविवारी हजर. नासेर त्यांचा मुकादम झाला. फक्कीनं रेघ मारायची, काटेरी झुडपं तोडायची, सुटे दगड बाजूला रचायचे, चढावर आडवे चर पाडायचे. "पाण्याला सरळ पळू देऊ नका," तो ओरडून सांगायचा. "पाण्याला रस्ता आवडला, की रस्ता पाण्याचा होतो." घामाघूम होऊन तो घरी यायचा आणि जेवताना जाहेदाला कोणत्या वळणावर कोणतं चाक उचलेल हे ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांनी दाखवायचा.

टेकाडाखालच्या वस्तीतली मिराबाई रोज तिथं बकऱ्या चारायची. तिचा नवरा हरिचंद बाळापूरच्या बाजारात हमाली करायचा. पहिले काही रविवार तिनं बोरीखाली बसून नुसता तमाशा बघितला.

"नासेरभाऊ, ह्या बाईला घरी काम न्हाई का?" डोक्यावर पाटी घेतलेल्या अनुश्रीकडं बोट करून तिनं विचारलं.

"डॉक्टर हायेत त्या."

"अगं बाई! मंग तर लईच हाल हायेत." आणि ती खदाखदा हसली. पुढं तीच उठून दगड वेचू लागली. कोणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्यांना वाकलेलं बघत बसणं तिला जमेना.

टेकाडाची पुढची बाजू झाली. मागं मात्र एक खिंड होती आणि खिंडीपलीकडं खोलगट भाग. तिथं बैलगाडीसुद्धा कधी गेली नव्हती. तिथला चढ उभा, अंगावर येणारा. नासेरनं तो पाहिला आणि त्याला राहवेना. वाट तिकडं न्यायची हे त्याच्याच डोक्यातून निघालं.

"तिकडं काहून वाट काढून राहिले?" मिराबाईनं विचारलं. "माझ्या बकऱ्यांबिगर तिकडं कोणी फिरकत न्हाई. तेच बरं हाय."

"अगं, कवातरी चार गाड्या येतील अन् जातील. तुझ्या बकऱ्यांच्या केसालाबी धक्का न्हाई लागायचा."

खिंडीनं सगळ्यांचा घाम काढला. सबलीनं, घणानं खडक फोडला, उतारावर दगड उभे ठोकून बसवले. वाट पुरी झाली तेव्हा पहिली जीप अनुश्रीनं घातली. शेजारी नासेर. एक चाक हवेत, गाडी तिरपी, खाली मिराबाई तोंडावर पदर धरून उभी. गाडी खिंडीच्या पलीकडं टेकली तेव्हा नासेर इतक्या मोठ्यानं हसला, की गोपाळरावांनी टाळ्या वाजवल्या. पुढं त्या वाटेवर दोनदा गाड्यांचा मेळा भरला. वस्तीतले लोक कडेला बसून बघायला आले.

गोपाळरावांचा मुलगा पुष्कर दुसऱ्या मेळ्याला नांदेडहून आला होता. सोबत रस्त्याच्या कामांना माल पुरवणारा एक ओळखीचा माणूस. गाड्यांकडं त्या माणसाचं लक्ष नव्हतं. खिंडीपलीकडं जाऊन त्यानं बुटाच्या टाचेनं जमीन उकरली, मुरूम मुठीत घेऊन दाबून पाहिला आणि मागं वळून वाटेकडं बघितलं.

पावसाळा सरून दसऱ्याच्या सुमारास मंडळी पुन्हा कामाला गेली, तर वाटेच्या तोंडाशी त्यांनी बसवलेले दगड नव्हते. जेसीबीनं सगळं सपाट करून वाट दुप्पट रुंद केली होती. खिंड तर ओळखू येईना. पलीकडं पोकलेन टेकाडाचं पोट फोडत होतं आणि भरलेले टिप्पर धुरळा उडवत त्यांच्याच वाटेनं उतरत होते. अनुश्री जीपमधून खाली उतरल्याच नाहीत. नासेर तिथून तडक गोपाळरावांच्या घरी गेला.

गोपाळराव पडवीत बसले होते. नासेरला बघून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"मला विचारलं असतं तर," नासेर म्हणाला.

"तुला काय विचारायचं? जमीन आमची आहे." बोलून झाल्यावर त्यांनाच ते शब्द टोचले. "तसं नाही रे. पुष्कर म्हणाला, इतकी वर्षं पडून आहे, पण पलीकडं वाहन जात नव्हतं. आता वाट तयारच आहे. मला त्याला नाही म्हणता आलं नाही. एकुलता एक पोरगा."

नासेर उंबऱ्याशी उभ्यानंच म्हणाला, "मी वाट काढून राहिलो तवा मलाबी कोणी न्हाई म्हणलं न्हाई." खरं तर मिराबाई म्हणाली होती. पण ते त्याला घरी जाताना, सायकलवर आठवलं.

अनुश्रीनं तक्रार केली. तहसीलातून माणसं आली, पाहून गेली. परवाना होता. किती खोल खणायचं हे त्यात लिहिलं असेल, पण खड्ड्यात उतरून कोणी मोजलं नाही. बाकी मंडळी हळहळली आणि पांगली. पुढं त्यांना परभणीकडं दुसरी जागा मिळाली. नासेरनं एका रविवारी एकट्यानं वाटेच्या तोंडाशी आडवा चर खणला, दिवस मावळेपर्यंत. सकाळी जेसीबीवाल्यानं तो चहा थंड व्हायच्या आत बुजवून टाकला. शिवी दिली नाही की दम दिला नाही. त्याच्या लेखी तो एक खड्डा होता.

मग पाऊस आला आणि पोकलेनचं काम थांबलं. खिंडीपलीकडचा खड्डा पाण्यानं भरला. विहिरीसारखा खोल, चारी बाजू तासलेल्या, ना पायरी ना कठडा.

श्रावणात एका दुपारी नासेर तिकडं गेला. काहून गेला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. बकऱ्या खड्ड्याच्या काठाशी उभ्या होत्या आणि एकसारख्या ओरडत होत्या. मिराबाई दिसेना. त्यानं हाका मारल्या. काठाला एक चप्पल होती, आणि चपलेपासून पुढं ओल्या मुरुमावर घसरल्याची खूण. पलीकडच्या भिंतीवर, पाण्याच्या जरा वर, बोटांचे ओरखडे होते. एका जागी नव्हते. तिनं भिंत धरायचा प्रयत्न केला होता, मुरूम हातात आला होता, मग पुढं सरकून पुन्हा धरली होती. ओरखडे अर्ध्या खड्ड्याला फिरले होते आणि एका जागी थांबले होते.

नासेरला पोहता येत नव्हतं. तो वस्तीकडं पळत सुटला. दोर आले, माणसं उतरली, तिला वर काढलं. तिच्या कडेवर बकरीचं करडू असावं असा लोकांचा अंदाज, कारण तेही वर आलं. हरिचंदला बाजारातून आणलं, तेव्हा त्याच्या खांद्यावर पोत्याची धूळ तशीच होती. तो बायकोजवळ बसला आणि तिच्या हाताची बोटं एकेक करून पुसू लागला. नखांत मुरूम भरला होता. तो निघेना.

हवालदारानं पंचनामा सुरू केला. "इथं वाट कोणी काढली?"

"आमी," नासेर म्हणाला. "मी काढली, साहेब."

"कशासाठी?"

समोर मिराबाईला लुगड्यानं झाकलं होतं. गाड्या चालवायची मौज म्हणून, हे नासेरच्या तोंडून निघेना. हवालदारानं दोनदा विचारलं आणि सोडून दिलं.

पुष्कर चौकशीत म्हणाला, वाट जीपवाल्यांची, येणंजाणंही त्यांचंच. नासेरला ठाण्यात चकरा माराव्या लागल्या. अनुश्री प्रत्येक वेळी हिंगोलीहून येऊन त्याच्याशेजारी बाकावर बसल्या, जबाब दिला. शेवटी अपघाती मृत्यू असं लिहून प्रकरण मिटलं. खड्ड्यासाठी बोट कोणाकडंच गेलं नाही.

नासेरचं खाणं तुटलं. गॅरेजात पान्हा हातात धरून तो तसाच बसून राही.

"गड्डा तुमे नै खोदे," जाहेदा त्याला पुन्हा पुन्हा सांगायची. "खाना खाव."

"रस्ता तो मैंच बनाया ना, जाहेदा."

ती ताट झाकून ठेवायची.

हिवाळ्यात रस्त्याचं काम पुढं सरकलं, मुरूमवाल्यांना जवळचं दुसरं टेकाड मिळालं, आणि पोकलेन आपोआप निघून गेलं. कोणाच्या तक्रारीनं नव्हे. खड्डा मागं राहिला. बुजवायचा म्हणावं तर मुरूम आता रस्त्याखाली दडपला होता. काट्यांचं कुंपण घातलं, ते जनावरांनी तुडवलं. उन्हाळ्यात आसपास दुसरं पाणी नसणार, जनावरं येणारच, आणि त्यांच्यामागं माणसंही.

माघात नासेरनं अनुश्रीला फोन लावला. "मॅडम, एका बाजूनं उतार काढावा म्हणतो. पाण्यापर्यंत. पडलेलं माणूस चालत वर येईल, असा. दुसरं आपल्याला येतंय काय?"

अनुश्री आल्या. जुन्या मंडळींतले दोघं आले. बाकीच्यांना कामं होती. पुन्हा फक्कीची रेघ, पुन्हा सबल आणि घण, पण या वेळी कोणी ओरडत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. एका रविवारी गोपाळराव काठी टेकत आले आणि लांब एका धोंड्यावर बसले. ऊन चढलं तसं अनुश्रीनं त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या घेतला, पण प्यायले नाहीत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्यानंतरही नाही.

हरिचंदला नासेरनं कळवलं नव्हतं. कोणत्या तोंडानं कळवणार? तो आपला आपण आला. बकऱ्या त्यानं विकून टाकल्या होत्या. काठाशी उभा राहून त्यानं काम पाहिलं, मग जवळची रिकामी पाटी उचलली. दिवसभर त्यानं मुरूम वाहिला, हमालाच्या चालीनं, एका लयीत. नासेरकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

काही रविवारांनी उतार पाण्याला टेकला. सगळे थांबले. हरिचंदनं पाटी खाली ठेवली, धोतर वर खोचलं आणि तो उतरत गेला. घोटाभर पाण्यात उभा राहिला. समोरच्या भिंतीवरचे ओरखडे कधीच पावसानं धुऊन गेले होते, पण तो तिकडंच बघत होता. मग वळला आणि ओल्या पायांनी चढू लागला. मधे एकदा मुद्दाम थांबून पायानं जमीन दाबून पाहिली. वर येऊन नासेरसमोर उभा राहिला.

"चढता येतंय," तो म्हणाला.

नासेरनं मान हलवली. हरिचंद तोवर वस्तीच्या वाटेला लागला होता, पाटी तिथंच टाकून.

उताराच्या एका अंगाला दगड बसवायचे राहिले होते. ते बसवले नाहीत, तर पहिल्याच पावसात मुरूम वाहून जाणार होता. नासेर उकिडवा बसला. अनुश्रीनं दगड पुढं सरकवला आणि त्यानं घण उचलला.