खाकी खोळ

माझा राग नाकावर असतो, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. जालन्यातल्या एका दवाखान्यात मी लघवीच्या आजारांच्या वॉर्डात नर्स आहे. दिवसभर परक्या पुरुषांच्या नळ्या बदलायच्या, त्यांना धुवायचं, पुसायचं. नवा आलेला म्हातारा पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडतो. मी म्हणते, "काका, अजून दहा जण बाकी आहेत, जल्दी करू द्या." दुसऱ्या दिवशी तोच माणूस नळी टोचते म्हणून मला हाका मारून बेजार करतो. लाज एका दिवसात जाते, असं मी नव्या पोरींना ठासून सांगायचे. माझ्या बापानं मला खोटं पाडलं.

बाबा एस.टी.वर ड्रायव्हर होते. गाडी भरलेली असताना उतरायचं नाही, पुढच्या स्टँडवर बघू, अशी उभी हयात काढलेली. रिटायर झाल्यावर लघवीला त्रास सुरू झाला, तोही त्यांनी तसाच पुढच्या स्टँडवर ढकलला. मी दर सुट्टीला बदनापूरजवळच्या आमच्या गावी जायचे आणि तब्येतीचं विचारायचे. "सगळं बराबर हाय, माय." लेकींना आमच्याकडे बाप असंच माय म्हणतो. एक दिवस लघवी पूर्ण तुंबली, पोट टरारून फुगलं, तेव्हा आईनं मला फोन केला. प्रोस्टेटचा कॅन्सर तोवर हाडांत गेला होता. डॉक्टर माझ्या रोजच्या ओळखीचे. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नळी आता कायमचीच." मला बाबांचा एवढा राग आला होता की रडायलाही सुचलं नाही.

नळी आणि तिला जोडलेली लघवीची पिशवी घेऊन ते घरी आले. करायचं ते सगळं आईनं करायचं, असं त्यांनी जाहीर केलं. मी जवळ गेले की धोतर मुठीत आवळायचे. "माय, तू चहा ठेव." पिशवी भरली, चहा ठेव. नळीतून रक्त आलं, चहा ठेव. ज्या कामासाठी मला पगार मिळतो ते काम आई चाचपडत करायची आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून सूचना ओरडायचे. हात साबणानं धू. नळी ओढू नको. आणि पिशवी कायम कमरेच्या खाली ठेव, वर गेली तर लघवी उलटी फिरते आणि जंतू आत शिरतात. हे शेवटचं तर मी इतक्यांदा सांगितलं की शेजारणीला पाठ झालं असेल.

पण आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला सगळं गाव येतं. दारात कुणी "काय ड्रायव्हरसाहेब" म्हणालं की बाबा खाटेला अडकवलेली पिशवी झटकन उचलून गोधडीत घ्यायचे. पाहुणा गप्पा मारत तासभर बसायचा आणि पिशवी तासभर पोटावर असायची. मी बोलले तर चिडले. "लोकायला काय मूत दाखवू का?"

आईनं त्यावर उपाय काढला. त्यांच्या जुन्या खाकी पँटचं कापड काढून पिशवीला खोळ शिवली. मी सांगितलं होतं म्हणून तिला गुडघ्यापर्यंत येईल असा लांब पट्टा लावला. खाकी बघून बाबा खूश झाले. पोरासारखे आरशापुढे उभे राहिले, असं आई फोनवर हसत सांगत होती. कितीतरी दिवसांनी ते पारावर जाऊन बसायला लागले. मला वाटलं, चला, एवढं तरी सुधारलं.

सुट्टीला गेले तर बाबा पारावरून येताना दिसले. ताठ चालत होते. खाकी खोळ खांद्याला होती, थेट काखेत, कंडक्टरची पिशवी असते तशी. पट्ट्याला त्यांनी स्वतः गाठ मारून तो आखूड केला होता. गुडघ्याशी लोंबणारी पिशवी लोकांच्या डोळ्यांवर येते, खांद्यावरची कुणाला कळत नाही. मी भर रस्त्यात ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "ड्यूटीवर चाल्ले काय म्हणून इचारून राह्यले लोक. कुणालाच कळलं न्हाई बघ." त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मला अजून बघवत नाही. मी गाठ सोडली. माझी पाठ फिरल्यावर त्यांनी ती पुन्हा मारली असणार.

पुढच्याच आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. माझ्याच वॉर्डात आणलं तेव्हा ते भ्रमात होते. लघवी गढूळ, पू मिसळलेली. जंतू रक्तात गेले होते, आणि असल्या शरीरात औषध काय करणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आई बाहेर बाकावर बसली. नळी बदलायला मी एकटीच पडद्याआड गेले. अंगावर युनिफॉर्म, तोंडाला मास्क. धोतराला हात लावताच त्यांची मूठ आवळली. एवढ्या तापातही आवळली.

"सिस्टर," ते म्हणाले. मी थांबले. "सिस्टर, माझी पोरगी हितंच कामाला हाय. तिला बिलकुल बोलवू नका."

"का?"

"तिनं ह्ये बघितलं तर मंग मी तिला तोंड कसं दाखवू?"

मी बाबा म्हणू शकले असते. मास्क खाली करू शकले असते.

"न्हाई बोलवत, काका," मी म्हणाले.

त्यांनी मूठ सोडली. मी जुनी नळी काढली, त्यांना स्वच्छ धुतलं, नवी नळी घातली. अगदी नीट, घाई न करता. पिशवी खाटेच्या खाली अडकवली. ते म्हणाले, "हात हलका हाय तुमचा, सिस्टर." नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, कुणाशीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.