अरे-तुरेचा मुहूर्त

चारठाण्याचे बन्सीधर जोशी दुसऱ्यांना बोहल्यावर चढवण्यात पटाईत आहेत, पण ऐन मोसमात स्वतःला घराबाहेर काढणं त्यांना कधी जमलं नव्हतं. होळी सरली, पळस फुलला, ऊन अजून सोसण्याजोगं असलं, की त्यांचे शाळेतले मित्र दर वर्षी तीन दिवस भटकायला निघतात. एक रात्र जत्रा, एक दिवस डोंगर आणि शेवटी परभणीच्या मैदानावर बेसबॉलचा सामना, असा ठरलेला बेत. आणि दर वर्षी नेमकं त्याच दिवसांत कुणाचं तरी लग्न निघतं. मित्र डोंगरावरून फोटो पाठवायचे, आणि हे मांडवात अंतरपाटाशी उभं राहून खिशातला फोन थरथरताना ऐकायचे. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, तेव्हा आपणही म्हणू.

यंदा मात्र शुक्र मदतीला आला. शुक्राचा अस्त असला की लग्न लागत नाही, मुंज होत नाही, नव्या घरात कुणी पाऊल टाकत नाही. आणि पंचांगात हा अस्त मित्रांच्या बेतावर अगदी मोजून ठेवल्यासारखा पडला होता. ते पान बघून गुरुजी एकटेच इतके हसले, की त्यांची बायको कावेरी चुलीपुढून उठून बाहेर आली.

"काय झालं?"

"शुक्र मावळतोय."

"कमाई बंद होणार म्हणून हसणारा भटजी मी पहिल्यांदाच बघायले," कावेरी म्हणाली. पण पिशवी तिनंच भरली. गुरुजींनी वर ठेवलेलं धोतर तिनं काढून घेतलं आणि त्या जागी पँट कोंबली. "धोतरात पळायला लागलात तर अंपायर मैदान सोडून जाईल," म्हणाली. सत्यनारायणाची एक-दोन आमंत्रणं होती, ती चुलतभावाच्या गळ्यात मारून गुरुजी मोकळे झाले.

आता चारठाण्याच्या भटजीचा आणि बेसबॉलचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. संबंध जिंतूरच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी जोडला. क्रिकेटला गल्लोगल्ली संघ, तिथं आपली डाळ शिजायची नाही, आणि बेसबॉल खेळणाऱ्या शाळा बोटांवर मोजण्याएवढ्या, हे त्या सरांनी ओळखलं होतं. त्यांनी चांगली पोरं हेरून बेसबॉलला लावली. मुंजाजी लहानपणापासून ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकणारा, म्हणून तो चेंडू टाकणारा पिचर झाला. बन्सीधर कितीही वेळ उकिडवा बसू शकायचा, म्हणून त्याला फलंदाजाच्या मागं बसवून कॅचर केलं. पिचर आणि कॅचर म्हणजे खेळातला जोडा. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं झेलायचं. चेंडू निसटला की मुंजाजी तिकडून बोंबलायचा, "बंड्या, आंधळ्या, डोळे घरी ठिवून आलास काय?" आणि बंड्या तितक्याच मोठ्यानं उलट उत्तर द्यायचा. बंड्या हे नाव मुंजाजीनंच पाडलेलं, आणि ते सगळ्या शाळेत झालं होतं.

ते नाव एका दुपारी गेलं. बन्सीधर एकोणीस वर्षांचा असताना वडील वारले आणि गावाची भिक्षुकी त्याच्यावर आली. त्यानं लावलेलं पहिलं लग्न मुंजाजीच्याच बहिणीचं. "बंड्या, चल की, नवरदेव आला!" असं ओरडत मुंजाजी मांडवात शिरला, तशी त्याच्या बापानं भर मांडवात त्याची मान धरली. "बंड्या कुणाला म्हणायलास? गुरुजी हायत ते. पाया पड." मुंजाजी पाया पडला. बन्सीधरनं पाय मागं घ्यायला हवे होते, पण चारशे माणसं बघत होती आणि मंत्र विसरायची भीती होती. तेव्हापासून मुंजाजी गुरुजी म्हणायला लागला आणि त्याचं बघून बाकीचेही. बंड्या कुणी उरलाच नाही.

त्यामुळे यंदा गुरुजींना सामना जिंकायचा नव्हता, की जत्रेतली जिलेबी खायची नव्हती. त्यांना या तीन दिवसांत मुंजाजीच्या तोंडून एकदा, नुसतं एकदा, बंड्या ऐकायचं होतं. हे त्यांनी कावेरीलाही सांगितलं नव्हतं. मागून घेतलेल्या शिवीला काही चव नसते, हे त्यांना कळत होतं.

पुण्याहून केयूर गाडी घेऊन आला. तो तिथं कंपनीत आहे आणि वर्षभर या तीन दिवसांसाठी रजा राखून ठेवतो. मागच्या बाजूला मुंजाजी आणि महारुद्र बसले होते. महारुद्र जिंतुरात खताचं दुकान चालवतो आणि कुठल्याही गोष्टीवर पैज लावतो. गुरुजी पळतच गाडीशी गेले आणि मागं त्या दोघांच्या मधे घुसायला लागले, तर मुंजाजी खाली उतरला.

"गुरुजी, तुमी पुढं बसा. मागं अवघडल्यासारखं व्हईल."

गुरुजी पुढं बसले. पण गाडी सुटली, खिडकीतून गार वारा आत आला, केयूरनं गाणी मोठ्यानं लावली, आणि त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी तेवढ्यावर भागवलं.

संध्याकाळी जत्रेत पोचले तेव्हा दिवे लागले होते. एका बाजूला आकाशपाळणा, दुसऱ्या बाजूला भज्यांच्या कढया, मधे पिपाण्यांचा असा गोंगाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. गुरुजी लहान पोरासारखे पाळण्याकडे निघाले. पाळणा वर गेला, सगळी जत्रा पायाखाली लखलखायला लागली, आणि त्यांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा पोटातून आरोळी ठोकली. तेवढ्यात वरच्या पाळण्यातून एक पागोटं खाली वाकलं.

"गुरुजी का वो? आमच्या पोरीचं यंदा जमतंय का, बघा की जरा पत्रिका."

"शुक्र मावळलाय!" गुरुजी खालून ओरडले. "उगवल्यावर या!"

महारुद्र इतका हसला की पाळणा हलायला लागला. इथवर सगळं फक्कड होतं. पुढं ढाब्यावर मात्र बिनसलं. मटणाशिवाय ढाब्याची पायरी न चढणाऱ्या मुंजाजीनं पोऱ्याला हाक मारून सांगितलं, "आज समदं शाकाहारी आण, गुरुजी हायत." केयूरनं बिअरच्या बाटल्या गाडीतच राहू दिल्या. महारुद्र तंबाखू मळायला दर दहा मिनिटांनी फोनचं निमित्त करून बाहेर जायला लागला. मुंजाजी पनीरचा एकेक तुकडा सुतकात असल्यासारखा चावत होता.

"अरे, खा की तुम्ही. मला काही चालत नाही असं थोडंच आहे?" गुरुजी म्हणाले. "मी माझी शेवभाजी खातो."

"न्हाई, न्हाई. तुमच्या म्होरं कसं खावं?" मुंजाजी म्हणाला.

आपण मित्रांच्या मजेवर विरजण घालायला आलो आहोत, असं गुरुजींना त्या रात्री वाटलं आणि वाईट वाटलं.

सकाळी नेमगिरीचा डोंगर चढायला घेतला. उन्हाला अजून धार आली नव्हती, पळस पेटल्यासारखा लाल झाला होता, आणि वाटेवर वाळलेल्या पानांचा आवाज येत होता. गुरुजींना धावत सुटावंसं वाटत होतं. पण मुंजाजीनं त्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, पाण्याची बाटली पहिली त्यांच्यापुढं धरली, आणि जरा चढ आला की "सावकाश, गुरुजी" म्हणत हात पुढं केला. तिसऱ्यांदा हात पुढं आला तशी गुरुजींचं डोकं सटकलं. त्यांनी पिशवी हिसकावून घेतली आणि सगळ्यांना मागं टाकून तडातडा वर गेले. वर पोचल्यावर छाती भात्यासारखी चालत होती, पण आनंदही होत होता. खाली जिंतूर पसरलं होतं आणि दूरवर शेतांचे तुकडे दिसत होते.

मुंजाजी धापा टाकत मागून आला आणि शेजारी खडकावर बसला. बाकीचे दोघे अजून खालीच होते. मागायचं नाही असं ठरवूनही गुरुजींनी मागितलंच.

"मुंजा, मला गुरुजी म्हणू नको ना."

"मग काय म्हणू?"

"तुला माहीत आहे."

मुंजाजीनं एक खडा उचलून खाली भिरकावला. "जमायचं न्हाई. माझं लगीन तुमी लावलं. दोन्ही लेकरांची नावं तुमी काढून दिली. घर बांधलं तवा पयला कलश तुमच्या हातचा. म्हणावं वाटलं तरी जीभच वळत न्हाई, गुरुजी."

त्यानं ते इतक्या मनापासून सांगितलं की भांडायलाही जागा उरली नाही. गुरुजींनी त्याला पिशवीतली कावेरीनं दिलेली शेंगदाण्याची पोळी दिली आणि दोघं खात राहिले.

परभणीचा सामना दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सुरू झाला. एका बाजूला जिंतूरचे हे जुने खेळाडू, वयानं आणि पोटानं वाढलेले, आणि दुसऱ्या बाजूला परभणीची कॉलेजात जाणारी पोरं. मैदानात पाय ठेवला आणि गुरुजींच्या अंगावर काटा आला. छातीवर पॅड, हातात ग्लोव्ह. हेल्मेट शेंडीवर बसेना म्हणून केयूरनं ते वरून दाबून बसवलं. त्यावर जाळीचा मास्क चढला, आणि चारठाण्याचा भटजी दिसेनासा झाला. ते फलंदाजाच्या मागं उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले, पण बसता आलं. मुंजाजीनं पहिला चेंडू टाकला आणि तो थाडकन ग्लोव्हमधे शिरला. किती वर्षांनी! गुरुजींना मास्कच्या आत हसू आवरेना.

खेळ रंगत गेला. एकदा पोरांच्यातला एक धावपटू तिसऱ्या बेसवरून, म्हणजे शेवटच्या थांब्यावरून, हळूच पुढं सरकायला लागला. मुंजाजीला सावध करायचं म्हणून गुरुजी ओरडले, पण तोंडातून सवयीनं निघालं ते मांडवातलं, खणखणीत, लांबवलेलं "सावधान!" धावपटू शाळेत कवायत करून वाढलेला. त्यानं जागच्या जागी टाचा जुळवल्या आणि हात मांड्यांना लावले. मुंजाजीनं फेकलेला चेंडू महारुद्रनं जाऊन त्याला टेकवला. पोर बाद झालं, अंपायर पोट धरून हसला, आणि कडेला बसलेल्या एका बाईचा हात अक्षता टाकायला आपोआप वर गेला.

पण एक रन फुकट गेला, तो अदबीपायी. तिसऱ्या बेसवर एक पोरगा होता; तो होमला, म्हणजे फलंदाजाच्या जागी, पोचला की रन. मुंजाजीचा चेंडू जमिनीवर आपटून गुरुजींच्या मागं गेला. अशा वेळी कॅचरनं मागं पळून चेंडू उचलायचा आणि होमवर धावत आलेल्या पिचरकडे फेकायचा. कॅचरची मैदानाकडे पाठ असते, म्हणून पिचरनं ओरडून सांगायचं. मुंजाजी होमवर आला आणि म्हणाला, "गुरुजी, तेवढा चेंडू हिकडं देता का." त्याचं वाक्य संपेपर्यंत पोरगा होम गाठून पँटची धूळ झटकत होता.

शेवटच्या डावात बरोबरी होती. पोरांचे दोन गडी बाद, एक पोरगा तिसऱ्या बेसवर. तो होमला आला तर सामना गेला, आणि हा फलंदाज बाद झाला तर आणखी एक डाव मिळणार. बाहेरून पोरं टाळ्या पिटत होती. मुंजाजीच्या शर्टातून घाम टपकत होता. त्यानं सगळा जोर लावून चेंडू टाकला, तो खाली राहिला, आपटला, आणि गुरुजींच्या बोटांना चाटून मागं कुंपणाकडे गेला.

गुरुजी पळाले. मागं धावपटूच्या बुटांचा आवाज येत होता. त्यांनी चेंडूवर झडप घातली, मुठीत धरला, आणि तेवढ्यात पाठीमागून मैदान हादरवणारा आवाज आला.

"बंड्या, गाढवा, फेक की!"

बंड्या वळला. मुंजाजी होमवर हात पसरून उभा होता, तोंड लालबुंद, डोळे बाहेर आलेले, अगदी शाळेतला मुंजा. चेंडू हातात होता आणि वेळही होता. पण बंड्याचा हात वर गेला तो तिथंच राहिला, आणि जाळीच्या आत त्याचं तोंड कानापर्यंत पसरलं. धावपटू मुंजाजीच्या पायापाशी घसरत आला आणि होमला टेकला. पोरं नाचत मैदानात शिरली.

"हसायलास काय, येड्या! चेंडू काय घरी न्यायचाय?" मुंजाजी ओरडत अंगावर धावून आला. दोन हातांवर येऊन तो थबकला. आपण कुणाला काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं जीभ चावली आणि वाकायला लागला. "चुकलं गुरुजी. गडबडीत तोंडातून..."

बंड्यानं पाय मागं घेतले.

"पायाला हात लावशील तर खबरदार. सामना मी घालवला का नाही?"

"घालवला."

"मग शिव्या द्यायच्या सोडून पाया काय पडायलास?"

मुंजाजी तसाच अर्धवट वाकलेला राहिला. त्यानं नाचणाऱ्या पोरांकडे बघितलं, बंड्याच्या हातातल्या चेंडूकडे बघितलं, आणि हळूहळू सरळ झाला. त्याचे डोळे भरून आले होते. थंड पाण्यात पाय घालून बघावा तसं तो बेतानं म्हणाला, "सामना घालवलास की रे, बंड्या."

"घालवला कसला, दान केला यानं," महारुद्र मागून येत म्हणाला. "आज ढाब्यावर मटणाचं बिल हाच देणार. लाव पैज."

"आणि गाडीत मागं बसेल, दोघांच्या मधे चेंगरून," केयूर म्हणाला.

बंड्या मास्क काढून तिथंच मातीत बसला. तिघं त्याच्या भोवती उभे राहून एकाच वेळी बोलायला लागले, आणि त्यानं कुणालाही थांबवलं नाही.