लक्षात न येणारं काम

दाढ दुखत होती म्हणून नव्याच दवाखान्यात गेले, तर काउंटरवरच्या बाईंच्या संगणकावर आमचंच, पेशंटच्या वेळा नोंदवायचं सॉफ्टवेअर उघडं होतं. मी आणि माझा नवरा निखिल, आम्ही दोघांनी कुणाचं भांडवल न घेता जेवणाच्या टेबलावर बसून उभं केलेलं. त्याच सकाळी निखिल म्हणाला होता, "नोकरीची ऑफर आलीये. घेऊ का?" त्याने ती घेतली तर हे बंद पडणार होतं. "संध्याकाळी बोलू," म्हणून मी बाहेर पडले होते.

बाई एका घाबरलेल्या आजोबांना पुढची वेळ देत होत्या. बोलणं आजोबांशी चाललेलं, बोटं आपोआप कीबोर्डवर.

"हे सॉफ्टवेअर कसं आहे हो?" मी विचारलं.

"कसं म्हणजे?" त्या गोंधळल्या. "आहे आपलं. लक्षातही येत नाही."

आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, कळेना. ते कुणाच्या लक्षात येऊ नये, इतकं सोपं व्हावं, म्हणून तर आम्ही एकेका बटणावरून भांडलो होतो. आता खरंच कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

बाहेर येऊन निखिलला फोन केला.

"मग काय कळवू त्यांना?" त्याने विचारलं.

"थोडे दिवस मागून घे," मी म्हणाले. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.