नाव झाकून वाचणारे काका

शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका लेखकाचं नाव कळलं की पुस्तक वाचत नसत. त्यांचे गुडघे गेलेले. म्हणून वाचनालयातून पुस्तकं मी आणायची, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालायची, आतल्या नावाच्या पानाला क्लिप लावायची आणि मगच त्यांच्या हातात द्यायची. "चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली," ते म्हणायचे. "लेखक जवळून पाहिलेत. आता नुसतं लिहिलेलं दाखव."

आठ दिवसांनी पुस्तक परत मिळे, सोबत मत. एक-दोन वाक्यांचं, आणि त्यावर अपील नाही. "पहिली साठ पानं नुसतं हवामान. माणूस एकसष्टाव्या पानावर उगवतो." एका गाजलेल्या कादंबरीबद्दल म्हणाले, "बाई प्रत्येक प्रकरणात खिडकीशी उभी. घरात खुर्ची नाही का?" मला ती कादंबरी अतिशय आवडली होती. चिडून मी लेखिकेचं नाव सांगून टाकलं, मिळालेल्या पुरस्कारासकट. "मग खुर्ची घ्यायला हरकत नव्हती," काका म्हणाले, आणि नाव सांगितलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

असा खडूस माणूस. आणि माझा कथासंग्रह निघाला तेव्हा मला मत हवं होतं ते त्यांचंच. ओळखीचे सगळे "छान झालंय गं" म्हणून मोकळे झाले होते. निम्म्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं. नोकरी सांभाळून सहा वर्षं लिहिलं होतं मी. पुढे लिहावं की थांबावं, हे एका माणसाकडून खरंखरं ऐकायचं होतं. म्हणून माझ्याच पुस्तकाला कव्हर घातलं आणि वाचनालयाच्या दोन पुस्तकांत मिसळून दिलं.

काकांनी ते उलटंसुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला. "एरवी कव्हर घालतेस ते बोचकं बांधल्यासारखं. यालाच एवढी इस्त्री?"

मी घाईने वाचनालयाचं एक पुस्तक पुढे केलं.

"तुझं आहे. नाव कळलं, आता मत नाही."

"अहो काका, नाव माहीत असून वाचलंत तर काय बिघडतं?"

"तुझं म्हणून वाचीन की. पण प्रत्येक पानावर तुझं तोंड दिसेल. मत देणार नाही."

"मग परत द्या."

"तेही नाही."

दोन वर्षं हेच. दर आठवड्याला मी विचारायची, ते दुसऱ्याच पुस्तकाची सालं काढायचे. जिना चढताना मी एकटीच त्यांच्याशी भांडत वर यायची. दुसरं पुस्तक अर्धं लिहून पडलं होतं.

गेल्या मे महिन्यात काका गेले. वाचनालयाची पुस्तकं न्यायला त्यांच्या मुलीने मला बोलावलं. उशाशी चार पुस्तकं होती. तीन माझ्या हातची बोचकी. चौथ्याचं कव्हर वेडंवाकडं, चिकटपट्ट्या लावलेलं, आणि कॅलेंडरचं पान त्याच वर्षीच्या एप्रिलचं. आत माझ्या कथा. मी घातलेलं कव्हर वापरून फाटलं असणार. नावाच्या पानाची क्लिप काढून काकांनी ते पान डिंकाने पक्कं चिकटवून टाकलं होतं.

म्हणजे माझं नाव विसरायचं ठरवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले होते की काय? आता कुणाला विचारू? रडू आलं, पण त्याआधी रागच आला. एक वाक्य, काका. नुसतं "वाईट आहे" म्हणाला असतात, तरी चिडून का होईना, मी आज लिहायला बसले असते.