काचेआडचं नाव

“पीए! अरे, पीएनीच मारं त्याले!”

खुर्चीवर उभा राहून ओरडत होता तो आमचा भिला. पडद्यावर बंद गाडीच्या काचेआड, मरता मरता मुख्यमंत्री आपल्या मुलीला मारेकऱ्याचं नाव सांगत होता. दिग्दर्शकानं मुद्दाम आवाज बंद ठेवलेला, अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं... आणि भिलानं नाव फोडलं! ती आरोळी पार सुरतेबाहेर, पलसाण्याच्या डाईंग मिलपर्यंत ऐकू गेली. खोटं वाटत असेल तर तिथल्या भोंग्याला विचारा, तो लाजून दोन दिवस वाजला नाही.

भिलाला जाऊन महिना झाला, पण त्याचा आवाज सुरतेत अजून विरलेला नाही. नवागामच्या वस्तीतून आम्ही दोघं एकाच लूमखात्यात जायचो. माग सुरू झाले की तिथं देवाचंही ऐकू येत नाही. माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. भिला तर पाठमोऱ्या माणसाचेही ओठ वाचायचा, मानेवरून! त्याला काचेची काय मातब्बरी? गार्ड धावत आला, “काका, धीरे बोलो, नहीं तो बाहर.” भिला म्हणाला, “तिकीट काय फक्त डोयास्नं काढं मी? तोंडनं बी काढेल शे!” डोळ्यांसोबत तोंडाचंही तिकीट काढलंय म्हटल्यावर गार्डनं हात टेकले.

शेवटी खुनी निघाला मुख्यमंत्र्याचा सख्खा भाऊ. लोक मागं वळून वळून हसले. भिला मात्र ताठ. “शेवट बदली टाका यास्नी. वरतून फोन उना व्हई.” यांनी शेवट बदलला, वरून फोन आला असणार, म्हणे! पुढं कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर, खात्यात, लग्नाच्या पंगतीत त्याला चिडवलं. पठ्ठ्या एक शब्द मागं घेईना.

मग गेल्या महिन्यात तो दवाखाना. पुन्हा काच... आत भिला, नाकात नळी. बाहेर मी आणि त्याची बायको, सुमनवहिनी. त्याचे ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. मी लगेच ओळखलं आणि असा ओरडलो की चार मजल्यांवरचे पेशंट उठून बसले, “बरोबर शे, भिला! पीएच!” त्यानं माझ्याकडं पाहिलं, डोळे मिटले. संध्याकाळी गेला.

तेव्हापासून मी छाती काढून सगळ्यांना सांगतो : भल्याभल्यांनी साक्षी फिरवल्या, पण आमच्या माणसानं मरणाच्या दारातही जबानी बदलली नाही. आता नवा राजकारणाचा सिनेमा लागलाय. मी जाणार, शेजारची खुर्ची त्याच्यासाठी धरणार, आणि काच दिसली की दोघांच्या वाटचं ओरडणार. काढा बाहेर!

हेच सांगायला परवा वहिनींकडं गेलो. भिलाचा फोटो, पुढं त्याचा स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. मी ‘पीए’ची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. वहिनींनी पेला जरा फोटोजवळ सरकवला.

“पानी मांगी राहिंता तो, भाऊ,” त्या म्हणाल्या.